शेऱ्याचा रकाना

अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीतला मंगळवार होता. दुकान बंद करायची वेळ झाली होती आणि बाहेर डेन्मार्कच्या पश्चिम टोकावरल्या आमच्या लेमविग गावाचा नेहमीचा पाऊस लागला होता... वरून कमी, फ्योर्डच्या खाडीकडून आडवा जास्त. बाबांचं खिळे-कुलपं-भांड्यांचं दुकान. दाताच्या दवाखान्यातली माझी नोकरी पाचला सुटली की मी घरी जाताना थोडा वेळ गल्ल्यामागे उभी राहायचे. तशीच उभी होते. तेवढ्यात दार वाजलं आणि भिजून चिंब झालेला एक उंच माणूस आत आला. त्याने कोटाच्या आतून एक व्हिडिओ कॅसेट काढली, स्वतःचा चेहरा सोडून आधी तीच पुसली, मग माझ्याकडे पाहिलं — आणि पाहतच राहिला.

"तुम्ही… तुम्ही त्याच ना?"

"कोण त्याच?"

"जिन्यातल्या."

मी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. बोलणं कोपनहेगनचं, बूट पातळ तळव्यांचे. इथला नव्हता, हे उघड होतं.

"मी एस्बेन," तो म्हणाला. "शाळेत बदलीवर आलोय, जूनपर्यंत. तुमच्या वडिलांनी पाचवीच्या वर्गासाठी समुद्रपक्ष्यांची कॅसेट दिली होती. लेबल बघा, पक्ष्यांचंच आहे. आत मात्र…"

"आत काय?"

"आत तुम्ही आहात."

कुठली कॅसेट ते मला लगेच कळलं. आमच्याकडे लग्नाला पंचवीस वर्षं झाली की शेजारीपाजारी सकाळी सातला दारात जमून, ट्रम्पेट वाजवून, गाणी म्हणून नवराबायकोला उठवतात. नवराबायकोने दचकल्याचं नाटक करायचं असतं. आईबाबांनी ते दोन वर्षांपूर्वी चोख केलं होतं. मी मात्र खरीखुरी दचकून जिन्यात आले होते. अंगात बाबांचा झोपायचा सदरा, केसांत रोलर, तोंडात ब्रश आणि फेस हनुवटीपर्यंत. मामाने नवा कॅमेरा आणला होता आणि त्याचा हात माझ्यावरून हलायला तयार नव्हता.

"सगळ्या वर्गाने पाहिलं?"

"दोनदा. मुलांनी फारच आग्रह केला."

"आणि तुम्हाला बंद करावंसं नाही वाटलं?"

"मी पक्ष्यांची वाट बघत होतो," तो गंभीरपणे म्हणाला.

मी हसले नाही. आमच्या भागात इतक्या लवकर हसत नाहीत. पण कॅसेट घेताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, ती गारठलेली होती, आणि तेवढं मला दुसऱ्या दिवशी दवाखान्यातही आठवत राहिलं.

बाबांकडे अशा चारशे बारा कॅसेट्स होत्या. दुकानामागच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर कॅसेट्स. टीव्हीवर तेव्हा वाहिनी एकच होती, पण तिच्यावरचं काहीही वाया जाऊ द्यायचं नाही असा बाबांचा बाणा होता. एकावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं टेप करत, आणि लेबल पहिलंच राहत असे. गल्लीत कुणीही मागितली की देत, परत आली की हाताला लागेल तिथे ठेवत. आता माझ्या घरात कॅसेट लावायचं यंत्रसुद्धा नाही. पण त्या खोलीचा वास मला अजून येतो... गरम झालेलं प्लास्टिक, बाबांचा पाइप, आणि शनिवार असेल तर आईचा वेलदोड्याचा केक.

एस्बेनने त्या संध्याकाळीच बाबांसमोर प्रस्ताव मांडला.

"माझ्याकडे घरगुती कॉम्प्युटर आहे, क्रेस्टेन. एका मासिकात प्रोग्रॅम छापून आला होता, तो नाताळच्या सुट्टीत मी ओळ न् ओळ टाइप केलाय. कुठल्या कॅसेटवर काय आहे, किती मिनिटांचं आहे, कुणाला दिलीय... सगळं एका यादीत येईल."

"ते मला पाठ आहे, मास्तर."

आई कॉफी ओतत होती. वर न बघता म्हणाली, "पाठ आहे म्हणूनच माझी लेक पाचवीच्या वर्गापुढे फेस काढत उभी राहिली."

बाबांनी पाइप पेटवला. पुष्कळ वेळ पेटवला.

"शनिवारी दुकान दोनला बंद होतं," ते शेवटी म्हणाले. बाबांच्या तोंडून याहून मोठं आमंत्रण निघत नसे.

तो शनिवारी आला, पुढच्या शनिवारी आला, आणि मग येतच राहिला. कॉम्प्युटर म्हणजे कळफलकाच्या आकाराचा एक तपकिरी डबा होता. तो आमच्याच टीव्हीला जोडायचा. व्हीसीआरही त्याच टीव्हीला. त्यामुळे कॅसेट बघायची तर कॉम्प्युटरची वायर काढा, नोंद करायची तर व्हीसीआरची काढा. दर दहा मिनिटांनी आम्हा दोघांपैकी कुणीतरी टीव्हीमागे रांगत असायचं आणि बहुतेक वेळा दोघंही.

"हात काढा, माझं बोट चिरडतंय."

"तुमचं बोट माझ्या हाताखाली आलंच कसं?"

"वायर शोधत होतो."

"वायर त्या बाजूला आहे."

"हो का… मग जाऊ तिकडे?"

त्या टीव्हीमागच्या धुळीत कधीतरी 'तुम्ही' गळून पडलं आणि 'तू' झालं. नक्की कुठल्या शनिवारी ते मला सांगता येणार नाही. बाहेर गारा पडत होत्या एवढं आठवतं.

प्रोग्रॅमचा स्वभाव कंजूष होता. नावाला फक्त चोवीस अक्षरं द्यायचा, त्यापुढचं बिनदिक्कत कापायचा. 'पश्चिम किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या' 'वाळूच्या'पाशीच लटकल्या. पण मासिकातल्या प्रोग्रॅमला चारच रकाने होते. पाचवा, शेऱ्याचा, एस्बेनने स्वतः वाढवला.

"माणसाला काय आवडतं ते यादीत नको?" तो म्हणाला. "नाहीतर यादी नुसती गोदामाची होते."

मग ठरून गेलं. तो कॅसेटचं नाव मोठ्याने वाचायचा, बाबा पुढच्या दुकानातून, खिळे वेगळे करता करता, शेरा द्यायचे, आणि तो ऐकलेलं जसंच्या तसं टाइप करायचा.

"हेरिंगची मासेमारी, त्रेपन्न मिनिटं?"

"वाईट नाही."

"आजोबांच्या नावेची डागडुजी?"

"वाईट नाही."

"पाद्रीबाबांनी दिलेली... चर्चच्या ऑर्गनची दुरुस्ती, तीन तास?"

दुकानात खिळे वाजायचे थांबले.

"फारच सुंदर," बाबा म्हणाले.

"तुझे वडील दिलदार आहेत," एस्बेन हळूच मला म्हणाला आणि टाइप करू लागला. मी त्याच्या मानेवरचे ओले केस बघत होते, मला कुठलं भान. आपण जे जन्मापासून बोलत आलो ते समोरच्याला भलतंच ऐकू येत असेल, हे सुचतच नाही माणसाला.

आई सगळं बघत होती. मी सांगितलं होतं की मी बाबांना मदत करतेय.

"शनिवारी सकाळी केस धुतेस, तेही बाबांच्या मदतीसाठीच का ग?"

"धूळ असते तिथे."

"धूळ असते तर नंतर धुवावेत," आई म्हणाली. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय तिला चांगली ठाऊक होती, मी ती तिच्याकडूनच उचलली होती.

मे महिन्यात फळ्या संपत आल्या. कॅसेट्स संपल्या की शनिवार संपणार, हे मला कळत होतं. मी तीन-तीन तासांच्या कॅसेट्स मुद्दाम शेवटपर्यंत बघायला लावू लागले. एका दुपारी वीज गेली आणि आम्ही फ्योर्डकाठी फिरायला गेलो. पाऊस असा की पडतोय असंही म्हणता येईना. गवतातून टिटव्या उठत होत्या. एस्बेन बराच वेळ खिशात हात घालून चालला.

"दोर्ते… तीनशे नव्वद कॅसेट्सना शेरे लिहून झाले."

"हं."

"माझ्याबद्दल लिहायचं झालं तर? शेऱ्याच्या रकान्यात काय घालशील?"

माझं काळीज इतक्या जोरात उडू लागलं की मला वाटलं त्याला कोटावरून दिसेल. मी पाण्याकडे बघितलं.

"तू?" मी म्हणाले. "तू... वाईट नाहीस."

आता हे सांगायला हवं. आमच्या पश्चिम जटलंडात 'छान' हा शब्द पाहुण्यासाठी असतो. 'फारच सुंदर' कंटाळा किंवा राग गिळताना वापरतात. आणि ज्याच्यावर जीव जडलाय त्याला 'वाईट नाही' म्हणायचं आणि पुढे तोंड बंद ठेवायचं. लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात बाबा आईला म्हणाले होते, 'तू वाईट दिसत नाहीस.' आई ते सांगताना साठीतही लाजायची. त्या दिवशी मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वाक्य बोलले होते.

"अच्छा," एस्बेन म्हणाला. मग, "बरं… विचारलं ते बरं झालं." आणि त्याने कोटाची वरची गुंडी लावली.

मला वाटलं, भारावून गेलाय.

दोन शनिवारांनी तो कॅसेट मागे गुंडाळायला लावून उगाच व्हीसीआरवरच्या आकड्यांकडे बघत बसला होता. मग म्हणाला, "बोर्नहोमला जागा निघालीय. रोन्नच्या शाळेत."

बोर्नहोम म्हणजे देशाचं पार पूर्वेचं बेट. आम्ही पश्चिमेचं टोक. मध्ये सगळा डेन्मार्क आणि वर एक रात्रीची बोट.

"कायमची?" मी विचारलं.

"आधी दोन वर्षांचा करार, मग कायमची. तुला काय वाटतं?"

मी एवढं मोठं बोलून टाकलं आणि हा त्यावर बेट शोधून निघाला, असं मला वाटत होतं. पण ते मी कशाला बोलतेय.

"कायमची असेल तर घ्यायलाच हवी," मी म्हणाले.

"हो ना. इथे थांबायला तसं काही कारण नाही."

"नाही," मी म्हणाले. "म्हणजे... शाळेत जागाच नाही."

कॅसेट खटकन थांबली. त्याने ती काढून खोक्यात घातली, फळीवर ठेवली आणि नंबर टाइप केला. मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले. आईने बाहेरून एकदा दार वाजवलं आणि काही न विचारता निघून गेली.

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी तो जाणार होता, दोन-दहाच्या गाडीने. मी गुरुवारीच त्याच्याशी हात मिळवून मोकळी झाले होते. 'प्रवास सुखाचा होवो' म्हणाले. इतकं गुळगुळीत वाक्य मी कुठून आणलं कोण जाणे. शुक्रवारी मी दवाखान्यात होते. खुर्चीत बेकरीवाला तोंड वासून पडला होता, माझ्या हातात लाळ ओढायची नळी होती, आणि दीड वाजता माझ्यासाठी फोन आला. बाबांचा. बाबा फोन करत नसत. फोन आला तरी ते उचलून आईकडे देत.

"बाबा? आईला काही…"

"आई ठीक आहे. मास्तर यादी देऊन गेला. छापलेली, भोकं-भोकंवाल्या कागदावर." बाबांचा श्वास ऐकू येत होता. "दोर्ते, आमच्या पंचवीस वर्षांच्या लग्नाला दोन तारे दिलेत त्याने."

"तारे?"

"पाचपैकी दोन. हेरिंगला दोन. तुझ्या आजोबांच्या नावेला दोन. आणि यादीत पहिला कोण आलाय सांगू? पाद्रीबाबांचा ऑर्गन. पाच तारे." त्यांनी पाइप ठोकल्याचा आवाज आला. "मला तो पोरगा अजिबात वाईट वाटत नव्हता ग."

बाबांनी हे म्हटलं, तेही फोनवर, परक्या माणसाबद्दल. पण ते मनात साठवायला तेव्हा वेळ नव्हता.

"बाबा, तारे कसे दिले ते लिहिलंय कुठे?"

कागद खसखसला. "वरती आहे. शेऱ्यांवरून दिलेत म्हणे. 'फारच सुंदर', पाच. 'छान', चार. 'बरं आहे', तीन. 'वाईट नाही'…"

"किती?"

"दोन."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. बेकरीवालाही बघत होता, त्याला दुसरीकडे बघायची सोयच नव्हती. मी भिंतीला टेकले. फ्योर्ड, टिटव्या, कोटाची गुंडी... सगळं एकदम उलगडलं. दोन तारे. ज्या माणसासाठी मी जीव टाकत होते, त्याला मी तोंडावर दोन तारे दिले होते, आणि तो बिचारा 'विचारलं ते बरं झालं' म्हणून देशाच्या दुसऱ्या टोकाला निघाला होता.

"मी जातेय," मी डॉक्टरांना म्हणाले.

"दात अर्धा झालाय, दोर्ते."

"राहिलेला तुमचा," मी म्हणाले आणि नळी त्यांच्या हातात दिली.

लेमविगचं स्टेशन टेकडीवर आहे. गाव खाली वाटीत, गाडी वर. पांढऱ्या कोटातच मी सायकल काढली, निम्म्या चढावर उतरले, उरलेला चढ सायकल ढकलत पळत गेले. पाऊस तोंडावर येत होता. फलाटावर एस्बेन उभा होता, काखेत कॉम्प्युटरचं खोकं, स्वेटरमध्ये गुंडाळलेलं. गाडी लागलेली होती, दोन डब्यांची.

"दोर्ते? कुणाला काही झालं का?"

"तू तारे चुकीचे दिलेस," मी धापा टाकत म्हणाले.

"कुठल्या कॅसेटला?"

"सगळ्या." मला श्वास पुरत नव्हता. "आमच्याकडे 'वाईट नाही' म्हणजे पाच, एस्बेन. तुझ्या प्रोग्रॅममध्ये सहा असते तर सहा."

"आणि 'फारच सुंदर'?"

"ते पाद्रीबाबांना वाईट वाटू नये म्हणून."

त्याचे ओठ हलले. काहीतरी मोजत होता, मागे मागे जात होता, हे मला दिसत होतं. मग त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"त्या दिवशी फ्योर्डवर तू…"

"हो."

"मला वाटलं, तू मला जेमतेम पास केलंस."

गाडीचा ड्रायव्हर पेदर खिडकीतून डोकावला. त्याची आई आमच्याच दवाखान्यात कवळी बसवून गेली होती. "दोर्ते, चढायचं असेल तर चढा. वेम्बला पुढची गाडी माझ्यासाठी थांबत नाही."

"एक मिनिट, पेदर."

मला कळत होतं की 'हो' म्हणून आता भागणार नाही. एक अर्धवट वाक्य पाच आठवडे महागात पडलं होतं. आमच्या घरात जे शब्द कुणी कधी उच्चारले नाहीत, भिंतींनीही ऐकले नाहीत, ते मला त्या ओल्या फलाटावर पेदरच्या देखत बोलायचे होते. माझे कान तापले.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," मी म्हणाले. "त्या पहिल्या मंगळवारपासून मी शनिवारची वाट बघते. ऑर्गनची कॅसेट मी तुला तीन तास बघायला लावली ती तू उठू नयेस म्हणून. तू बोर्नहोमचं सांगितलंस तेव्हा मी नळ सोडून रडले. तू गेलेला मला चालणार नाही."

पेदरने टोपी काढली आणि समोरच्या सिग्नलकडे अतिशय लक्षपूर्वक बघू लागला.

एस्बेनने खोकं दुसऱ्या काखेत घेतलं. "मी सही केलीय, दोर्ते. दोन वर्षांची."

"माहीत आहे."

"मोडता येणार नाही."

"मोडू नकोस. मी दात साफ करते, एस्बेन. बोर्नहोमच्या लोकांना दात असतीलच ना?"

तो हसायला लागला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. खोकं बाकावर ठेवलं, अगदी हळू, जणू आत मूल झोपलंय. मग माझा ओला कोट, माझे हात, मी... सगळंच त्याने जवळ ओढलं. त्याच्या स्वेटरविना गारठलेल्या छातीवर माझं कपाळ टेकलं.

"पेदर, तू नीघ," तो माझ्या डोक्यावरून म्हणाला. "बोट उद्याही असते."

पेदरने भोंगा वाजवला. एरवी तो तिथे वाजवत नसे.

सप्टेंबरातल्या माझ्या दोन पेट्या, रोन्नच्या चर्चमधलं लग्न, आणि एका बेटावर काढलेली ही सदतीस वर्षं, ते सगळं पुढचं. त्या दुपारी नंतरची गाडी तीन तासांनी होती. आम्ही खोकं मध्ये ठेवून बाकावर बसलो. पत्र्यावर पाऊस वाजत होता. एस्बेन एक शब्दही बोलला नाही. तीन तास मी बोलत होते.